खानदेशातील अश्वगंधेचा चिंताशामक वापर

अश्वगंधा (शास्त्रीय नाव: विथानिया सोम्निफेरा, मराठी नावे: आस्कंद, डोरगुंज) ही सोलॅनेसी म्हणजे वांगी, टोमॅटो व मिरचीच्या कुळातील औषधी वनस्पती आहे. तिच्या मुळांचे चूर्ण अशक्तपणा, निद्रानाश आणि मनाची अस्वस्थता यांवर परंपरेने दिले जाते. महाराष्ट्राच्या कोरड्या हवामानाच्या भागांत, विशेषतः खानदेशातील जळगाव व धुळे जिल्ह्यांत, ती रानटी अवस्थेत आढळते. चिंता कमी होण्यास तिचा काही प्रमाणात उपयोग होतो, असे लहान चाचण्यांत दिसले आहे. मात्र चिंताविकारावरील वैद्यकीय उपचारांना ती पर्याय ठरत नाही.

नावे

ताज्या मुळास घोड्यासारखा वास येतो, म्हणून संस्कृतात तिला अश्वगंधा, हयगंधा किंवा तुरगगंधा म्हणतात. कार्ल लिनियस याने १७५३ मध्ये तिचा समावेश चिरबोटीच्या ‘फायसॅलिस’ या प्रजातीत केला होता. १८५२ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ड्युनाल याने तिला ‘विथानिया’ प्रजातीत स्थान दिले. ‘सोम्निफेरा’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘झोप आणणारी’ असा आहे.

वर्णन

अश्वगंधा हे सुमारे ३० ते १५० सें.मी. उंचीचे झुडूप आहे. खोड व पाने बारीक करड्या लवेने आच्छादलेली असतात. फुले लहान व हिरवट पिवळी असतात. पिकल्यावर नारिंगी-तांबडे होणारे फळ चिरबोटीप्रमाणे कागदासारख्या पातळ आवरणात असते. औषधात प्रामुख्याने मूळ वापरतात. मुळात व पानांत ‘विथॅनोलाइड’ गटातील संयुगे असतात. त्यांपैकी विथाफेरिन-ए हे पानांत अधिक प्रमाणात आढळते. त्यामुळे पाने मुळांच्या ऐवजी वापरता येत नाहीत.

खानदेशातील आढळ

तापी, गिरणा व पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांतील पडीक जमीन, शेताचे बांध, रस्त्याच्या कडा आणि गावठाणालगतची मोकळी जागा येथे ही वनस्पती वाढते. कमी पाऊस व निचरा होणारी हलकी जमीन तिला मानवते. पाणी साचणाऱ्या भारी काळ्या जमिनीत मुळे कुजतात.

रानटी व लागवडीच्या अश्वगंधेत व्यवहारात महत्त्वाचा फरक आहे. रानटी झाडाचे मूळ बहुधा काष्ठमय व तंतुमय असते. लागवडीखालील वाणांचे मूळ जाड व पिठूळ असते आणि औषधी बाजारात त्यालाच मागणी असते. राजस्थानातील नागौर भागावरून ‘नागोरी आस्कंद’ हे व्यापारी नाव पडले. आज लागवडीचे व खरेदी-विक्रीचे प्रमुख केंद्र खानदेशाच्या उत्तरेस, मध्य प्रदेशातील नीमच-मंदसौर हे आहे. जवाहर असगंध-२० व जवाहर असगंध-१३४ हे वाण मध्य प्रदेशातच विकसित झाले. पेरणी साधारणतः पावसाळ्याच्या उत्तरार्धात करतात व सुमारे पाच ते सहा महिन्यांत मुळे काढतात. सुक्या मुळांचे उत्पादन हेक्टरी ३ ते ५ क्विंटलच्या आसपास असते.

आयुर्वेदातील स्थान

चरकसंहितेच्या विमानस्थानात चित्तोद्वेग व भय यांची गणना मानसिक विकारांत केली आहे. त्याच ग्रंथाच्या सूत्रस्थानात अश्वगंधा ‘बल्य’ (बळ देणाऱ्या) व ‘बृंहणीय’ (शरीर पुष्ट करणाऱ्या) द्रव्यांच्या गटांत येते. बुद्धी व स्मृतीसाठी सांगितलेल्या चार मेध्य रसायनांत मात्र मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल व शंखपुष्पी यांचा समावेश आहे, अश्वगंधेचा नाही. चिंतेवरील वापरामागे ती वातशामक व बलवर्धक आहे, ही धारणा आहे. ‘भैषज्यरत्नावली’त अश्वगंधारिष्टाचा पाठ मूर्च्छारोगाच्या प्रकरणात दिला आहे.

वापराची पद्धत

मुळाचे चूर्ण कोमट दुधातून, तूप किंवा साखर घालून, बहुधा रात्री झोपण्यापूर्वी घेण्याची पद्धत महाराष्ट्रात रूढ आहे. सुकी मुळे व चूर्ण काष्ठौषधींच्या दुकानांत मिळते. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात चूर्णाची मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम दिली आहे. गोळ्या व कॅप्सूलमध्ये बहुधा मुळांचा घन अर्क असतो. त्याची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजतात. म्हणून चूर्ण व अर्क यांच्या मात्रा एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

संशोधन

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत तणावग्रस्त ६४ प्रौढांपैकी काहींना मुळांचा ३०० मि.ग्रॅ. अर्क दिवसातून दोनदा व इतरांना औषधविरहित गोळी, असे ६० दिवस दिले गेले. अर्क घेणाऱ्या गटात तणावाचे गुणांक व रक्तातील कॉर्टिसॉल हे संप्रेरक अधिक घटले. त्यानंतरच्या काही चाचण्यांचे निष्कर्षही याच दिशेचे आहेत. २०२२ मध्ये जैविक मानसोपचारतज्ज्ञांचा जागतिक महासंघ व कॅनडातील एक तज्ज्ञगट यांनी संयुक्त मार्गदर्शिकेत, व्यापक चिंताविकारासाठी दररोज ३०० ते ६०० मि.ग्रॅ. अर्काची तात्पुरत्या स्वरूपाची शिफारस केली.

या पुराव्याला मर्यादा आहेत. बहुतेक चाचण्या लहान व दोन ते तीन महिन्यांच्या आहेत, आणि त्यांत वापरलेले अर्क एकसारखे नाहीत. प्रमाणित अर्कावरील निष्कर्ष बांधावरून उपटलेल्या रानटी मुळाला जसेच्या तसे लागू होत नाहीत.

सुरक्षितता

पोटात मळमळ, जुलाब व झोपाळूपणा हे सामान्य दुष्परिणाम आहेत. यकृताला इजा होऊन कावीळ झाल्याची प्रकरणे क्वचित, पण निश्चितपणे नोंदली गेली आहेत. आइसलँड व अमेरिकेतील अशी पाच प्रकरणे २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. डोळे वा लघवी पिवळी होणे, अंगाला खाज सुटणे ही लक्षणे दिसल्यास सेवन थांबवून डॉक्टरांना दाखवणे आवश्यक असते. डेन्मार्कने २०२३ मध्ये अन्नपदार्थ व पूरक आहारातील अश्वगंधेच्या वापरावर बंदी घातली.

गर्भवतींनी अश्वगंधा घेऊ नये. थायरॉइडचा किंवा यकृताचा विकार असणाऱ्यांनी, तसेच झोपेची, मधुमेहाची, रक्तदाबाची किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय ती घेऊ नये. चालू असलेली मानसोपचाराची औषधे, विशेषतः चिंताशामक गोळ्या, अचानक बंद करून त्याऐवजी अश्वगंधा सुरू करणे धोकादायक ठरू शकते. त्यामुळे तीव्र अस्वस्थता, निद्रानाश, प्रसंगी झटकेही येऊ शकतात.

उपचारांची उपलब्धता

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) भारतातील १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार होता व त्यांपैकी बहुसंख्य उपचारांपासून वंचित होते. अशा स्थितीत घरगुती औषध हाच अनेकदा पहिला उपाय ठरतो. चिंतेमुळे झोप, भूक किंवा रोजचे काम काही आठवडे विस्कळीत राहिल्यास, तसेच आत्महत्येचे विचार आल्यास तत्काळ, वैद्यकीय मदत आवश्यक असते. जळगाव व धुळे या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते.

हेही पहा

• आयुर्वेद
• शंखपुष्पी
• चिंताविकार
• खानदेश