वस्तीवर मोठा ‘क्रॉस’ कुत्रा पाळताय? आधी आई बघा, मग पिल्लू उचला

आटपाडी-जतकडच्या वस्त्यांवर कुत्रं नसलेलं घर शोधावंच लागतं. पूर्वी हे कुत्रं गावठी तरी असायचं, मेंढरांच्या कळपाबरोबर आलेलं तरी असायचं, नाहीतर उंच, सडपातळ कारवानी. आता शहरात नोकरीला असलेली मुलं लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड गावी आणून ठेवतात. ते मोकळे फिरतात आणि वर्षभरात गल्लीत ‘लॅब क्रॉस’, ‘जर्मन क्रॉस’ पिल्लं दिसू लागतात. कुणी फुकट देतं, कुणी ‘प्युअर आहे, फक्त कागद नाहीत’ म्हणून हजारो रुपये मागतं.

क्रॉस कुत्रा वाईट, असं मुळीच नाही. आपल्या हवेला तो बऱ्याचदा जास्त मानवतो. पण निवडताना आपण बघतो रंग, कान आणि जातीचं नाव. बघायला पाहिजे वेगळंच.

नावावर जाऊ नका

‘जर्मनचं रक्त आहे म्हणजे राखणीला चांगलं, लॅबचं आहे म्हणजे पोरांत मिसळणारं’ हा हिशेब क्रॉसच्या बाबतीत फारसा चालत नाही. अमेरिकेत १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन केलेला एक मोठा अभ्यास २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, याचं जेमतेम ९ टक्के स्पष्टीकरण जातीवरून देता येतं, असं त्यात दिसलं. बाकीचं प्रत्येक कुत्र्याच्या स्वतःच्या घडणीवर आणि तो कसा वाढला यावर.

‘क्रॉस म्हणजे आजारच नाही’ हाही असाच गैरसमज. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये २७ हजारांवर कुत्र्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासल्या. २४ आनुवंशिक आजारांपैकी १० आजार शुद्ध जातींत जास्त आढळले, १३ मध्ये काही फरक नव्हता, आणि गुडघ्यातली शीर तुटण्याचा एक त्रास उलट मिश्र कुत्र्यांतच जास्त होता. लॅब किंवा जर्मन शेफर्डच्या खुब्याच्या सांध्याचं दुखणं क्रॉस पिल्लात उतरू शकतं, हे धरूनच चाला.

मग बघायचं काय? पिल्लाची आई. ती कुठं बांधलेली आहे, अनोळखी माणूस दारात आल्यावर काय करते, मालकाने गप्प म्हटल्यावर थांबते का, घरातली पोरं तिच्याजवळ जातात का. भुंकणं वेगळं आणि घाबरून अंगावर येणं वेगळं. घाबरट आईची पिल्लं बहुतेक वेळा घाबरटच निघतात, आणि चावणारी कुत्री शूर असतात त्यापेक्षा घाबरलेली जास्त असतात. ‘आई इथं नाही, दुसऱ्या गावाला आहे’ असं उत्तर आलं तर परत फिरा. असं सांगणाऱ्याकडे बहुधा कुठून तरी गोळा केलेली पिल्लं असतात.

पिल्लांपासून चार हातांवर एखादं झाकण पाडून बघा. दचकून मागं सरून पुन्हा वास घ्यायला येणारं पिल्लू चांगलं. कोपऱ्यात जाऊन थरथरणारं नको. सगळ्यांना चावत सुटणारं ‘वाघ’ तर घरात लहान मूल असलेल्यांनी घेऊच नये.

वय आठ आठवड्यांच्या आत नको. कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीसाठी केंद्राने २०१७ मध्ये केलेल्या नियमांतही त्याआधी पिल्लू विकायला बंदी आहे. चार-पाच आठवड्यांचं पिल्लू आणलं की ते जुलाबाने मरतं हे तर आहेच. शिवाय चावताना किती जोर लावायचा हे त्याला आई आणि भावंडंच शिकवत असतात, आपल्याला ते तितकं जमत नाही.

हे किती मोठं होणार?

पंजे बघून अंदाज बांधायची पद्धत आहे, पण ती भरवशाची नाही. त्यापेक्षा चार महिन्यांचं झाल्यावर पिल्लाला पोत्याच्या काट्यावर तोला. मोठ्या अंगाचं कुत्रं या वयात साधारण निम्मं भरलेलं असतं. १५ किलो भरलं तर पुढं ३०च्या आसपास जाईल असं समजा. पूर्ण भरायला त्याला सव्वा ते दीड वर्ष लागतं आणि आयुष्य धरा १० ते १३ वर्षं. आज पाचवीत असलेलं पोरगं कॉलेज संपवून नोकरीला लागेल, तेव्हाही हा कुत्रा दारात असणार. तेव्हा त्याला रोज फिरवणार कोण, हे आधी घरात बसून ठरवा. हट्ट पोरांचा असतो आणि काम शेवटी आईच्या नाहीतर आजीच्या गळ्यात पडतं. तीस किलोचा कुत्रा मांजर बघून ओढ घेतो तेव्हा आजीच्या हातात दोरी नसावी.

साखळी

‘दिवसभर बांधला की रात्री चांगला राखतो’ असं गावोगावी सांगतात. चोवीस तास दोन हात साखळीला असलेला कुत्रा राखण करत नाही, तो नुसता भुंकतो. वाऱ्याला, एसटीला, पाहुण्याला, सगळ्याला सारखाच. शेवटी घरचेही लक्ष देत नाहीत. अशा कुत्र्याची साखळी एखाद दिवशी तुटते तेव्हा समोर बहुतेक वेळा शेजारचं लहान मूल असतं.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा याबद्दल स्पष्ट आहे. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने जनावर जास्त वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे, आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणं हाही. कुत्र्याने कुणाला इजा करू नये याची काळजी मालकाने घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

शिराळा-वाळव्याच्या उसाच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट आहे. बिबट्या. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही, आणि एकदा वस्तीवर सोपी शिकार मिळाली की बिबट्या पुन्हा त्याच वाटेनं येतो. तिथं रात्री कुत्रा वरून बंद असलेल्या जाळीच्या खोपीतच पाहिजे. गळ्यात खिळ्यांचा पट्टा घातला तरी त्याला उघड्यावर बांधू नका.

मग कसं ठेवायचं? अंगणाला किंवा गोठ्याच्या एका बाजूला जाळीचं कुंपण करा, सावली आणि पाणी ठेवा, सकाळ-संध्याकाळ मिळून तासभर दोरीला धरून फिरवा. ‘थांब’, ‘ये’, ‘सोड’ एवढे तीन शब्द चार महिन्यांच्या आत शिकवा. मारून नाही, भाकरीच्या तुकड्यावर. तीन ते चौदा आठवडे हे वय पिल्लाच्या घडणीत सगळ्यात महत्त्वाचं. ट्रॅक्टर, म्हशी, टोपीवाला माणूस, पळणारी पोरं हे सगळं त्याला या काळात, तुमच्या हाताशी असताना दिसलं पाहिजे. तिखट चारून कुत्रा तापट करणं, शूर दिसावा म्हणून कान कापणं हे प्रकार अजून चालतात. त्यातून कुत्र्याला वेदना होतात, बाकी काहीही साधत नाही.

खाणं

उरलेली भाकरी आणि ताक यावर गावठी कुत्रं जगतं, कारण ते बाहेर हिंडून बाकीचं मिळवतं. कुंपणात ठेवलेल्या तीस किलोच्या कुत्र्याला रोज साधारण १४०० ते १६०० कॅलरी लागतात. ढोबळ हिशेब सांगायचा तर तीन-चार भाकरी, दोन-तीन उकडलेली अंडी आणि पाव किलो उकडलेलं चिकन. चिकन परवडत नसेल तर काही दिवस अंडी आणि शिजवलेली डाळ वाढवा. तिखट-मीठ नको. तयार खाद्य दिलं तर दिवसाला ३०० ते ४०० ग्रॅम, म्हणजे महिन्याला ९ ते १२ किलो. पिल्लू घेण्याआधी दुकानात भाव विचारून हा गुणाकार कराच.

मोठ्या अंगाच्या पिल्लाला कॅल्शियमचं औषध मनाने पाजू नका. ‘हाडं मजबूत व्हावीत’ म्हणून गाई-म्हशींचं कॅल्शियम पाजणारे खूप आहेत. जादा कॅल्शियमने वाढीची हाडं वेडीवाकडी होतात. भरमसाट खायला घालून गुबगुबीत केलेलं पिल्लूही पुढं सांध्यांना महागात पडतं. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवला की लागल्या पाहिजेत. घरात गुळगुळीत फरशी असेल तर पिल्लाच्या जागेवर पोतं अंथरा.

मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याला दिवसातून दोनदा विभागून खायला द्या आणि खाल्ल्यावर तासभर पळू देऊ नका. पोट ढोलासारखं फुगलंय, उलटीचा प्रयत्न करतोय पण काही पडत नाही, अस्वस्थ फिरतोय, अशी लक्षणं म्हणजे पोटाला पीळ पडला असण्याची शक्यता. इथं सकाळपर्यंत वाट बघायची नसते, काही तासांत शस्त्रक्रिया लागते. ती कुठं होते हे आधीच विचारून नंबर मोबाईलमध्ये ठेवा. आपल्या भागाला जवळचं सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय शिरवळला आहे.

तासगावकडच्या मंडळींसाठी खास: द्राक्षं आणि बेदाणा कुत्र्याला विषारी आहेत. मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर होतील याचा नेम नाही. बेदाणा शेडवर कुत्रा मोकळा सोडू नका. कांदा, लसूण, चॉकलेट, शिजवलेली हाडंही नकोत. फवारणीचं पाणी कालवलेली बादली, थिमेट, उंदराचं औषध झाकून ठेवा. माणसाची तापाची किंवा अंगदुखीची गोळी तर अजिबात नको.

लस, जंत, गोचीड

पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना, मग दर तीन-चार आठवड्यांनी चार महिन्यांपर्यंत. ही गॅस्ट्रो, म्हणजे पार्व्हो, डिस्टेंपर वगैरेंसाठी असते. तिच्यात लेप्टोस्पायरोसिसही आहे ना, हे विचारून घ्या. कृष्णाकाठच्या पूरगावांत ते लागतंच. हा कोर्स पूर्ण होईपर्यंत पिल्लाला गल्लीतल्या कुत्र्यांत सोडू नका, जग दाखवायचं ते कडेवर घेऊन. रेबीजची लस तीन महिन्यांना आणि पुढं डॉक्टर सांगतील तशी, साधारण दरवर्षी. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत महिन्याला, नंतर दर तीन महिन्यांनी.

गोचीड हा आपल्याकडचा मोठा शत्रू. गोठा आणि कुत्रा जवळ असला की तो हटत नाही. गोचिडापासून होणाऱ्या तापात कुत्रा खाणं सोडतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. रक्त तपासून वेळेत औषध सुरू केलं तर बरा होतो, पण गोळ्यांचा कोर्स चार आठवड्यांच्या आसपास चालतो. आठ दिवसांत टवटवीत दिसला म्हणून गोळ्या बंद करू नका.

आणि इथंच क्रॉस कुत्र्याचा खास धोका आहे. जनावरांना देतात ते आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन अनेकजण अंदाजाने कुत्र्यालाही देतात. कोली आणि काही शेफर्ड जातींत असा एक जनुकीय दोष असतो की त्यामुळे हे औषध मेंदूपर्यंत पोचतं आणि कुत्रा दगावू शकतो. तुमच्या क्रॉसमध्ये कुणाचं रक्त आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं. गोठ्यात फवारायचं गोचिडाचं औषधही त्याच मापाने कुत्र्याच्या अंगावर ओतू नका. डॉक्टरांना वजन सांगा, माप त्यांना ठरवू द्या.

चावला तर

घरचा असो, लस झालेला असो, पिल्लू असो, जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तेल, मिरची काही लावू नका. मग थेट प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. सरकारी दवाखान्यात लस मोफत असते. खोल जखम असेल तर लसीबरोबर जखमेत सोडायचं वेगळं इंजेक्शनही लागतं, ते विचारून घ्या. सुया ठरलेल्या तारखांना पूर्ण करा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही, आणि ‘पिल्लूच होतं, नखच लागलं’ म्हणून घरी बसणाऱ्यांतच असे मृत्यू होतात. चावलेल्या कुत्र्याला मारून टाकू नका, दहा दिवस नजरेखाली ठेवा. त्यावरून डॉक्टरांना पुढचं ठरवता येतं.

मादी घेतली असेल तर

मादी घ्यायला लोक नाखूश असतात, पण घरच्या माणसांत राहायला आणि शिकायला ती कुठं कमी पडत नाही. नसबंदी न केलेल्या वयस्क मादीला गर्भाशयात पू होण्याचा आजार होतो. माजानंतर महिना-दोन महिन्यांत खूप पाणी पिऊ लागली, मलूल झाली की त्याच दिवशी दवाखाना गाठा. मोठ्या अंगाच्या कुत्र्यांची, नर असो की मादी, नसबंदी कधी करायची हे डॉक्टरांशी बोलून ठरवा; सांधे भरेपर्यंत, म्हणजे वर्ष-दीड वर्ष थांबायला ते बऱ्याचदा सांगतात. तोवर माजाचे तीन आठवडे मादी बंद ठेवावी लागेल. नाहीतर ६३ दिवसांनी आठ-दहा पिल्लं दारात असतात, आणि पोत्यात भरून ढाब्याजवळ सोडलेली पिल्लं कुठून येतात हे वेगळं सांगायला नको.