सरकारी नोकराची उतारवयाची पुंजी
अमेरिकेंतील मध्यवर्ती सरकारच्या नोकरांसाठीं १९८६ च्या कायद्यानें बचत-योजना निर्माण झाली. १९८७ मध्यें तींत सरकारी रोख्यांचा एकच निधि होता; मुद्दल सुरक्षित, पण वाढ मंद. १९८८ मध्यें शेअरांचा व बाजारांतील रोख्यांचा असे आणखी दोन निधि आले, आणि निवडीचें ओझें नोकरावर पडलें. २००३ पासून हिशेब दररोज होऊं लागल्यावर कांहीं जण बाजाराच्या चढउतारामागें पैसे वारंवार हलवूं लागले. त्या उलाढालीचा खर्च मात्र स्वस्थ राहिलेल्यांच्या पुंजींतूनहि जाई. म्हणून २००८ मध्यें महिन्यांतून दोनच फेरबदलांची मर्यादा आली. त्यापुढें पैसा केवळ सुरक्षित निधींत नेतां येतो. आश्रयाची वाट अशी मोकळी राहिली. परंतु बाजार सावरल्यावर तेथून परतण्याचा निर्णय ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो.