मक्याची ओळ

अकबराच्या अमदानीत अबुल फजलने साम्राज्याच्या महसुलाची जी विस्तृत नोंद करून ठेवली, तिच्यात नंदुरबार हे माळवा सुभ्याचे एक सरकार म्हणून गणलेले आहे. परंतु ज्या पिकाच्या पोत्यांनी आज येथील बाजार समितीचे आवार भरून जाते, त्या मक्याला तिच्या दरपत्रकात स्थान नाही. त्यात नवल वाटण्याजोगे काही नाही. अमेरिका खंडातला हा दाणा पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर पश्चिम किनाऱ्याला लागला, त्याला तेव्हा फार काळ लोटलेला नव्हता, आणि सरकारी दफ्तर तर नव्या पिकाची दखल ते सारा भरण्याजोगे झाल्यावाचून सहसा घेत नाही.

पुढे मात्र सातपुड्याने त्याला असे आपले मानले, की आज धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतील भिल्ल व पावरा घरांत मक्याच्या भाकरीवाचून पावसाळा सरत नाही. तेथे मक्याचे स्वतंत्र शेत असे क्वचितच असे. ज्वारी, तूर, उडीद, मोर, बंटी अशा सोबत्यांच्या मेळ्यात तोही एक. एक पीक बुडाले तर दुसऱ्याने घर सावरावे, हा त्या मिश्र पेरणीमागील व्यवहार होता. आणि दुष्काळात लोकांना धान्य देऊन जगवणारी म्हणून जिची कथा सांगतात, त्या याहामोगीला पूजणाऱ्या समाजाला हा व्यवहार कोणी शिकवावा लागला नाही.

तापीकाठच्या सपाटीची गोष्ट वेगळी. नंदुरबार, शहादा, तळोदा या पट्ट्यातल्या काळ्या जमिनीत ज्वारी, बाजरी आणि कापूस यांचे राज्य होते, आणि पेरणीचे अवजार होते तिफण. ओळीत पेरणे हे यंत्रयुगाने आम्हांस शिकविले, अशी जी समजूत सुशिक्षितांत आढळते ती निराधार आहे. बैलाच्या तिफणीने आपला शेतकरी शतकानुशतके सरळ ओळीतच पेरत आला. बाभळीच्या दिंडाला तीन फण, प्रत्येक फणामागे बांबूची एक पोकळ नळी, आणि तिन्ही नळ्यांची तोंडे जेथे एकत्र येतात तेथे लाकडाचे चाडे: त्या चाड्यावर मूठ धरून चालणारी बाई करंगळीकडून बी असे सोडत असे, की तिन्ही छिद्रांत ते सारखे वाटले जावे. मक्याचा टपोरा, चपटा दाणा चाड्याच्या त्या बारीक छिद्रांना सहसा मानवत नसे. म्हणून तो नांगराच्या तासात मागून हाताने टाकीत, किंवा अवजाराच्या मागे दोरीने सरते बांधून त्याच्या तोंडातून सोडीत. एका जागी दोन-तीन दाणे पडावेत हाच रिवाज. एक पाखराचा, एक किड्याचा आणि उरला तर आपला, असा तो हिशेब. उगवल्यावर दाट जागी विरळणी करायची, रिकाम्या जागी नांग्या भरायच्या. बी घरच्याच कणसांचे, आढ्याला टांगून धुराने राखलेले. त्यामुळे दोन दाणे जास्त पडल्याचे कोणाला दुःख नव्हते.

नांगर ओढणारे बैल ज्याच्या मालकीचे आणि बैल हाकणारा ज्याच्या पदरी, तोच शेतीचा धनी, अशी या पट्ट्याची रचना होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचे साल ठरे, आणि ते ठरविणाऱ्या दोन पक्षांत बोलण्याची ताकद एकाच पक्षाला असे. 1972 साली अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांचे सहकारी यांनी शहादा परिसरात श्रमिक संघटनेच्या द्वारे मजुरीचा आणि हातून गेलेल्या जमिनींचा प्रश्न उभा केला; 1974 च्या कायद्याने आदिवासींच्या जमिनी परत करण्याची तरतूद झाली. ट्रॅक्टर आला तो याच पार्श्वभूमीवर. पूर्वी किर्लोस्करांचा लोखंडी नांगर 1903 च्या सुमारास बाजारात आला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकऱ्यांनी तो नाकारला होता, हे सर्वश्रुत आहे. ट्रॅक्टराला तशा शंकेचा सामना करावा लागला नाही. माझ्या मते त्याचे कारण यंत्राच्या गुणाइतकेच माणसाच्या मजुरीतही शोधले पाहिजे: सालदार जेव्हा हिशेब विचारू लागला, तेव्हा जो कधी हिशेब विचारत नाही असा गडी मोठ्या बागायतदाराला हवासा वाटू लागला.

परंतु ट्रॅक्टराने पेरणी बदलली नाही. त्याने नांगरट बदलली. पेरणी बदलली ती बियाण्याने. अखिल भारतीय समन्वित मका सुधार प्रकल्प 1957 साली सुरू झाला आणि 1961 साली गंगा 1, गंगा 101, रणजित व डेक्कन हे पहिले संकरित वाण प्रसृत झाले. संकरित कणसाचे दाणे पुढील वर्षी पेरले तर तोच जोम राहत नाही, म्हणून दर हंगामाला पिशवी विकत आणणे आले, आणि विकतचा दाणा पाखराला देणे परवडेना. पुढे गिऱ्हाइकेही जवळच मिळाली. शेजारच्या धुळे जिल्ह्यात दोंडाईचे येथे मक्यापासून स्टार्च काढणारा कारखाना उभा राहिला. नवापूर तालुक्यात कुक्कुटपालनाचा पसारा एवढा वाढला, की फेब्रुवारी 2006 मध्ये भारतातील बर्ड फ्लूची पहिली नोंद तेथेच झाली आणि लक्षावधी कोंबड्या माराव्या लागल्या. कोंबडीच्या खाद्यात मका हा मुख्य. त्या वर्षी पोल्ट्रीवरचे संकट मक्याच्या भावावरही आले. डोंगरात जो दाणा ताटात जातो, तो सपाटीवर काट्यावर जाऊ लागला होता.

या पिशवीतील दाण्यासाठी प्लांटर आला. अमेरिकेत इलिनॉय प्रांतातील जॉर्ज ब्राउन याने मक्याच्या पेरणीयंत्राचे पेटंट 1853 सालीच घेतले होते. आपल्याकडे मात्र ही यंत्रे अलीकडे, विशेषतः 2014-15 मध्ये कृषी यांत्रिकीकरणाचे उपअभियान सुरू झाल्यावर, अनुदानाच्या आधाराने दिसू लागली. यातील हवेच्या ओढीवर चालणारे यंत्र पाहण्यासारखे असते. बियाण्याच्या पेटीतळाशी एक उभी चकती फिरते. तिच्या काठावर बारीक छिद्रे, आणि मागे ट्रॅक्टरावर चालणारा पंखा हवा खेचीत असतो. प्रत्येक छिद्राला एकेक दाणा चिकटतो. जोडीने चिकटलेल्या दुसऱ्याला वरची पट्टी हळूच झटकून टाकते. चकती खाली आली की ओढ तुटते आणि दाणा नळीतून तासात पडतो, मागचे चाक माती दाबते. ओळींत 60 सेंटिमीटर आणि रोपांत 20 सेंटिमीटर अंतर धरले तर हेक्टरी सुमारे 83 हजार दाणे. चालकाने घाई केली की छिद्रे रिकामी जातात आणि ओळीत खाडे पडतात. वाफसा नसता यंत्र घातले तर काळी माती नळी बुजवते, आणि चालकाला ते पुष्कळदा शेत उगवल्यावरच कळते. सरत्यामागची बाई रिकामी जागा तत्क्षणी पाहत होती.

यंत्राचा मी विरोधक नाही. विरळणीत उपटून टाकायच्या रोपासाठी दाम मोजण्यात कसले शहाणपण? बैलजोडी पोसणे ज्याला शक्य नाही, त्या चार एकरांच्या धन्याला भाड्याने तासा-दोन तासांत पेरणी उरकणे हा दिलासाच आहे. पण पेरणीचा मान ज्या हाताकडे होता, तो हात आता बांधावर उभा आहे, आणि त्याला पर्यायी काम यंत्राबरोबर आलेले नाही, हेही त्याच ठिकाणी लिहून ठेवले पाहिजे.

या बदलाचा सर्वांत विलक्षण अनुभव नर्मदेच्या विस्थापितांना आला. सरदार सरोवरात ज्यांची काठची गावे गेली, त्यांतील अनेक कुटुंबे तळोदा तालुक्यात सोमावल, रोझवा अशा वसाहतींत आणून बसविण्यात आली. डोंगरउतारावर अनेक बियाणी एकत्र मिसळून पेरणाऱ्या माणसाला सपाट, चौकोनी जमीन मिळाली, आणि तिच्याबरोबर भाड्याचा ट्रॅक्टर आणि विकतचे बियाणे आले. मागे डोंगरात जे राहिले, त्यांच्या उतारावर ट्रॅक्टर चढत नाही.

म्हणून यंत्रे घडविणाऱ्यांना आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाला एवढीच विनंती: अक्राणीच्या, म्हणजेच धडगाव तालुक्याच्या, उतारासाठी टोकणयंत्र करायचे असेल, तर ते खांद्यावरून नेता येण्याइतके हलके असावे, त्याची चकती कारखान्याच्या एकसारख्या दाण्यासाठी न पाडता घरच्या लहानमोठ्या मक्यासाठी पाडावी, आणि त्या आधी धडगावच्या बायकांना विचारावे.