पाडव्याची पाणपोई आणि घोडनदीचा रस्ता

चैत्र हा प्रवासाचा महिना का ठरला, याचे उत्तर शिरूर आणि दौंड तालुक्यांत सुखद हवेपेक्षा माती आणि नद्यांत शोधावे लागते. भीमा, घोड, वेळ आणि मुळा-मुठा यांनी हा मुलूख कापलेला आहे. पूल नव्हते तेव्हा या नद्या उताराने किंवा नावेने ओलांडाव्या लागत, आणि काठच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात भरलेली गाडी आखापर्यंत रुते. शाळू मळून झाला की बैल आणि माणूस मृगापर्यंत बरेचसे मोकळे होत. म्हणून जेजुरीची चैत्री पौर्णिमा, शिखर शिंगणापूर, कुकडीपलीकडच्या निघोजची मळगंगा आणि लग्नांची वऱ्हाडे हे सगळे याच दिवसांत येई. यात एक पेच आहे. नदी पायउतार होते ती पाणी आटल्यामुळे, म्हणजे जे कारण रस्ता खुला करते तेच प्रवाशाचा जीव टांगणीला लावते. या पेचातून वाट काढण्यासाठी प्रवासाच्या तयारीची दोन वाटण्यांत विभागणी झाली होती. एक वाटणी प्रवाशाची, दुसरी रस्त्यावरच्या गावांची. आपण आज पहिलीच लक्षात ठेवली आहे, असे माझे म्हणणे आहे.

प्रवाशाची वाटणी सोपी नव्हती. उन्हाने चाकाचे लाकूड आकसते आणि त्यावरची लोखंडी धाव सैल होते. वाटेत ती निसटली की आरे खिळखिळे होऊन गाडी बसलीच. म्हणून निघण्याआधी चाके पाण्यात ठेवून फुगवत, फारच सैल असेल तर लोहाराकडून धाव पुन्हा चढवून घेत. आखाला वंगण, बैलांच्या खुरांना पत्र्या, बरोबर कडबा आणि पाण्याची घागर, आणि ऊन टाळण्यासाठी पहाटेचा किंवा चांदण्याचा प्रवास. पुणे ते शिरूर हे आजचे सुमारे ६७ किलोमीटर म्हणजे गाडीच्या साधारण तीन मजला. तुकोबांची पालखी आजही दौंड तालुक्यात यवत आणि वरवंडला मुक्काम करते. पायी चालणाऱ्याला दिवसाला किती अंतर झेपते, हे या मुक्कामांवरून अजून मोजता येते. मजल चुकली तर काय होते, याचा पुरावाही याच रस्त्यावर आहे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री इंग्रजांच्या कॅप्टन स्टॉन्टनची सुमारे ८०० माणसांची तुकडी शिरूरच्या छावणीतून निघाली आणि रात्रभर चालून सकाळी कोरेगावला पोचली. नंतर पेशव्यांच्या फौजेशी झालेल्या दिवसभराच्या लढाईत गोळ्यांइतकेच तहानेने तिचे हाल केले, आणि तेही भीमेच्या काठावर, ऐन थंडीत.

गावाची वाटणी पंचांगातच नोंदलेली होती. चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून चार महिने पाणपोई चालवावी, असे धर्मशास्त्राचे ग्रंथ सांगतात. त्यांचा शब्द ‘प्रपादान’. जमले नाही त्याने निदान रोज एक घागर द्यावी, अशी सवलतही त्यात आहे. पाप-पुण्याची भाषा बाजूला ठेवली तरी हिशेब चोख आहे, कारण नदी आटते आणि यात्रा निघतात तेव्हाच पाणी देण्याचे कर्तव्य सुरू होते. जोडीला धर्मशाळा, नावा आणि रस्त्याकडेची वड-लिंबाची सावली होती. पुणे जिल्ह्याचे १८८५ चे गॅझेटियर रस्त्यांबरोबर पूल, नावा आणि प्रवाशांच्या निवाऱ्यांचीही दखल घेते. ब्रिटिश प्रशासनालाही रस्ता म्हणजे केवळ खडी नव्हे, हे कळत होते.

यावर कोणी म्हणेल, हे जुन्याचे कौतुक झाले. पेंढाऱ्यांची धाड पडे, यात्रेबरोबर पटकी गावोगाव जाई, हे विसरायचे का? विसरू नये. पटकी तर पाण्यातूनच पसरे, म्हणजे पाणपोईचे पाणी नेहमीच जीवदान नसे. याहून कठीण आक्षेप वेगळा आहे: हे पाणी सगळ्यांसाठी नव्हते. पुण्य मिळवणाऱ्यांनीच अस्पृश्यांना ओंजळभर पाण्यासाठी ताटकळत ठेवले. सीताराम केशव बोले यांनी १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला, तो सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा. आणि तो कागदावर राहिला म्हणून १९२७ च्या मार्चमध्ये डॉ. आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. पण बोले आणि आंबेडकरांनी रस्त्यावरचे पाणी ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, असे म्हटले नाही. ती सार्वजनिक जबाबदारी आहे, म्हणूनच सर्वांची आहे, असे म्हटले. दोष वगळण्यात होता, कर्तव्यात नव्हता.

हे कर्तव्य सुटले ते वेगामुळे. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला, पुढे मोटारी आल्या आणि तीन मजलांचा रस्ता दोन तासांवर आला. मग सगळी तयारी प्रवाशाच्या गळ्यात पडली: टायरची हवा, कूलंट, ब्रेक, पाण्याची बाटली. ते सगळे तपासावेच. पण रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींचे ट्रक, लांबलेल्या गाळप हंगामातल्या दुहेरी ट्रॉल्या आणि अंधारात न दिसणारी त्यांची मागची बाजू यांवर प्रवाशाने कितीही तयारी केली तरी इलाज नाही. तेव्हा पाडव्याच्या आत ऊसवाहतुकीच्या प्रत्येक ट्रॉलीला परावर्तक पट्ट्या लागल्या आहेत का, हे साखर कारखान्यांनी पाहावे, आणि महामार्गावरच्या ग्रामपंचायतींनी थांब्यांवर सावली आणि स्वच्छ पाणी ठेवावे.