नको असलेल्या तारेपासून खोट्या लघुसंदेशापर्यंत : एका जुन्या भामटेगिरीचा इतिहास

१/ मे १८६४. लंडनमधील काही संसद सदस्यांच्या घरी दिवस मावळल्यावर तार येऊन थडकली. त्या काळी तार म्हणजे तातडीची, बहुधा अशुभ वार्ता. पाकीट फोडले तर आत गॅब्रिएल नावाच्या दंतवैद्यांची जाहिरात निघाली : हार्ले स्ट्रीटवरील दवाखाना अमुक वेळेत उघडा राहील! ज्यांच्याशी आपला कसलाही संबंध नाही त्यांनी तारेने आपली शांतता का भंगावी, असे एका संतप्त गृहस्थाने ‘द टाइम्स’ला लिहून विचारले. घाऊक पाठवलेल्या, कोणी न मागितलेल्या व्यापारी संदेशांच्या सर्वांत जुन्या ज्ञात नोंदींपैकी ही एक.

२/ ही तार उपद्रवी होती, पण खोटी नव्हती. फसव्या संदेशाचे कुळ वेगळे आणि त्याहून जुने आहे. विदोक हा फ्रान्समधील गुन्हेगार पुढे पोलीस अधिकारी झाला. १८२८ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने तुरुंगातून चालणाऱ्या एका धंद्याचे वर्णन केले आहे. कैदी श्रीमंतांचे पत्ते मिळवून त्यांना पत्र धाडत : संकटात सापडल्यामुळे धन्याचा ऐवज एका ठिकाणी लपवावा लागला आहे, तो सोडवण्यास थोडे पैसे पाठवावेत. अशा शंभर पत्रांपैकी वीस पत्रांना उत्तर येई, असे तो सांगतो.

३/ या धंद्याचे गणित तेव्हापासून बदललेले नाही. शंभरांतील ऐंशी जणांनी पत्र फाडून टाकले तरी भामट्याचे काही बिघडत नाही. उरलेल्या वीसांवर त्याचे भागते. त्याला अडचण एकच होती : कागद, टपाल आणि हस्ताक्षर यांचा खर्च. संदेश पाठवणे जसजसे स्वस्त होत गेले, तसतसे हजारात एक मासा गळाला लागला तरी धंदा फायद्याचा ठरू लागला.

४/ संगणकाच्या जाळ्यावरील पहिला घाऊक जाहिरात संदेश ३ मे १९७८ रोजी गेला. ‘डिजिटल इक्विपमेंट’ या कंपनीच्या गॅरी थर्क यांनी नव्या संगणकांची माहिती अर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना एकदम कळवली. अशा संदेशांना ‘स्पॅम’ हे नाव पुढे मिळाले. मूळ शब्द डबाबंद मांसाचा. १९७० साली ‘माँटी पायथन’ या ब्रिटिश विनोदी मंडळींनी एका प्रहसनात त्याचा इतका जप केला की बाकीचे संभाषणच ऐकू येईना.

५/ ‘फिशिंग’ हा शब्द १९९०च्या दशकाच्या मध्यातला. अमेरिकेत ‘एओएल’ या इंटरनेट सेवेचे कर्मचारी असल्याची बतावणी करून काही जण ग्राहकांकडून पासवर्ड काढून घेत. मासे धरण्यासाठी गळ टाकावा तसा हा प्रकार. कुलूप फोडण्याचे कौशल्य येथे लागतच नाही. मालकानेच किल्ली आणून द्यावी, एवढीच योजना असते.

६/ लघुसंदेशाचा जन्म मात्र निरागस होता. जर्मन अभियंता फ्रीडहेल्म हिलेब्रँड यांनी १९८५च्या सुमारास टंकलेखन यंत्रावर निरनिराळी वाक्ये लिहून अक्षरे मोजली आणि १६० अक्षरे पुरेशी असल्याचा निष्कर्ष काढला. ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने इंग्लंडमध्ये व्होडाफोनच्या जाळ्यावरून ‘मेरी ख्रिसमस’ हा पहिला लघुसंदेश पाठवला. त्या दोन शब्दांत कोणाचे अहित असणे शक्य नव्हते.

७/ दोष रचनेत होता. ही यंत्रणा परस्परांना ओळखणाऱ्या मोजक्या दूरसंचार कंपन्यांसाठी आखलेली होती. त्यामुळे पाठवणाऱ्याच्या जागी आकड्यांऐवजी नाव लिहिण्याची सोय होती, पण ते नाव खरे आहे का हे तपासण्याची तरतूद नव्हती. दुसऱ्या पिढीच्या म्हणजे २जी जाळ्यात तर फोन आपली ओळख टॉवरला पटवून देतो; टॉवरला मात्र आपली ओळख फोनला पटवावी लागत नाही. पुढे बनावट टॉवर उभारून संदेश सोडणाऱ्यांनी याच फटीचा लाभ घेतला.

८/ भारतात प्रश्न आधी उपद्रव म्हणून पुढे आला. कर्ज, घरे आणि विमा विकणाऱ्यांना आवर घालण्यासाठी ‘ट्राय’ने २००७ साली ‘डू नॉट कॉल’ नोंदवही आणली. २७ सप्टेंबर २०११पासून अधिक कडक नियम लागू झाले. १९०९ या क्रमांकावर नोंदणी व तक्रारीची सोय झाली आणि एका सिममधून दिवसाला १०० संदेशांची मर्यादा आली, ती लवकरच २००वर नेण्यात आली. नियमांचा रोख विक्रेत्यांवर होता. भामटे अजून नजरेच्या कडेला होते.

९/ दरम्यान एक मूलभूत बदल घडला. ऑगस्ट २००९पासून रिझर्व्ह बँकेने इंटरनेटवरील कार्ड व्यवहारांसाठी कार्डावरील माहितीखेरीज आणखी एक खातरजमा सक्तीची केली. ती खातरजमा बहुतांशी लघुसंदेशातून येणाऱ्या ओटीपीने होऊ लागली. शुभेच्छा वाहून नेणारे पोस्टकार्ड तिजोरीची किल्ली वाहून नेऊ लागले. पोस्टकार्डाची सुरक्षा मात्र पोस्टकार्डाइतकीच राहिली.

१०/ जुलै २०१८च्या नियमांनी उपाय मुळाशी नेला : संस्थेने स्वतःची, आपल्या संक्षिप्त नावाची आणि संदेशाच्या मजकुराच्या साच्याचीही आगाऊ नोंद करावी, नोंदीशी न जुळणारा संदेश वाटेतच अडवला जाईल. ८ मार्च २०२१ रोजी ही चाळणी सुरू झाली आणि अनेक बँकांचे व सेवांचे ओटीपीच अडकले, कारण नोंदी अपुऱ्या होत्या. दुसऱ्याच दिवशी चाळणी आठवड्यासाठी थांबवावी लागली. भामट्याला रोखणारे दार प्रामाणिक माणसालाही लागते, हा धडा देशाला एका दिवसात मिळाला.

११/ भामट्यांनी दाराऐवजी खिडकी शोधली. २०२२ साली महाराष्ट्रात घरोघरी संदेश पोहोचले : मागील महिन्याचे बिल अद्ययावत नसल्याने आज रात्री वीजपुरवठा खंडित होईल, त्वरित या अधिकाऱ्याशी संपर्क साधा. संदेश साध्या दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून येत, त्यामुळे नोंदणीचा प्रश्नच नव्हता. फोन करणाऱ्याला एखादे ॲप उतरवून घ्यायला सांगत. त्यातून फोनचा पडदा भामट्याला दिसू लागे आणि खाते रिकामे होई. महावितरणला वारंवार जाहीर आवाहने करावी लागली.

१२/ या मजकुरात लोभाला जागा नव्हती. विदोकच्या काळातील पत्र ऐवजाचे आमिष दाखवी. वीजबिलाच्या संदेशाने भीती दाखवली. नियमित बिल भरणारा, रात्रीच्या अंधाराची आणि घरातील आजारी माणसाची काळजी करणारा सज्जन गृहस्थच त्यात आधी सापडला. म्हणून ‘लोभी माणूसच फसतो’ हे सांत्वन खोटे आहे. फसवणूक माणसाच्या दोषावर जगते तशीच त्याच्या जबाबदारीच्या जाणिवेवरही जगते.

१३/ उत्तरादाखल नियम आणखी घट्ट झाले. १ ऑक्टोबर २०२४पासून आधी न नोंदलेली लिंक असलेले व्यापारी संदेश अडवले जाऊ लागले. २०२५च्या दुरुस्तीने पाठवणाऱ्याच्या नावाअखेरीस एक इंग्रजी अक्षर आले : पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. तेव्हा बँकेच्या किंवा वीज कंपनीच्या नावाचा संदेश दहा आकडी क्रमांकावरून आला, तर तेवढ्यावरूनच तो खोटा समजावा. त्यातील क्रमांकावर फोन न करता बिलावर किंवा पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर विचारणा करावी. संशयास्पद संदेश संचार साथी संकेतस्थळावरील ‘चक्षू’ सुविधेत कळवता येतो.

१४/ आणि पैसे गेलेच, तर १९३० हा क्रमांक तत्काळ फिरवावा. चोरीची रक्कम काही तासांत अनेक खात्यांतून फिरवली जाते. ती वाटेत गोठवता येते, पण तक्रार वेळेत पोहोचली तरच. येथे भामट्याचा सर्वांत मोठा मित्र म्हणजे फसलेल्याची लाज. मुले काय म्हणतील, शेजारी हसतील, या विचारात रात्र जाते आणि पैसेही जातात.

१५/ दोन शतकांत कागद गेला, तार गेली, भारतातील तारसेवाही जुलै २०१३मध्ये बंद झाली. प्रत्येक नव्या साधनाबरोबर नाव तपासण्याची व्यवस्था मात्र उशिरानेच आली, आणि मधल्या काळाची किंमत सामान्य माणसाने मोजली. व्यवस्था कितीही सुधारली तरी ती नाव तपासू शकते, हेतू नव्हे. घाई करायला लावणाऱ्या संदेशापुढे पाच मिनिटे थांबणे आणि घरात फसलेल्या माणसाला दोष न देता आधी १९३०ला फोन लावून देणे, ही दोन कामे अजूनही माणसांचीच आहेत.