भोर समितीचा आराखडा आणि गावातली रिकामी जागा

दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, ऑक्टोबर १९४३मध्ये, ब्रिटिश सरकारने देशाच्या आरोग्याची पाहणी करायला एक समिती नेमली. अध्यक्ष सर जोसेफ भोर. जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, पेशा आयसीएस अधिकाऱ्याचा. डॉक्टर नसलेल्या या गृहस्थांच्या समितीने १९४६ साली चार खंडांचा अहवाल दिला. आजच्या कित्येक आरोग्य योजना त्याच्यापुढे तोकड्या वाटतात.

खिशात पैसे नाहीत म्हणून कुणाचे उपचार अडू नयेत, हे समितीचे पहिले सूत्र. रोग बरा करणे आणि रोग होऊ न देणे ही कामे एकाच यंत्रणेने करावीत, हे दुसरे. तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात हजार माणसांमागे रुग्णालयाची पाव खाटही नव्हती आणि १९३७च्या आकड्यांनुसार हजारातली १६२ बाळे पहिला वाढदिवस पाहत नव्हती. अशा देशात दर दहा ते वीस हजार वस्तीला ७५ खाटांचे रुग्णालय हवे, असे समितीने बेधडक लिहिले. तोवर निदान चाळीस हजारांमागे एक प्राथमिक केंद्र तरी असावे.

केंद्रे १९५२पासून उघडू लागली, पण विकासगटाला एक या हिशेबाने. खाटांचे स्वप्न कागदावरच राहिले.

एक शिफारस मात्र चटकन अमलात आली. देशात तेव्हा सुमारे ४७,५०० डॉक्टर होते आणि त्यांतले जवळजवळ ३०,००० पदवीधर नव्हते. कमी मुदतीचा अभ्यासक्रम करून ते 'लायसेन्शिएट' झालेले. हा दुय्यम वर्ग बंद करून सगळ्यांना एकच पदवी असावी, असे समितीच्या बहुमताने ठरवले. काही सदस्यांनी मतभेद नोंदवला. असे लायसेन्शिएट घडवणाऱ्या पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलचे १९४६ सालीच कॉलेज झाले. दर्जा वाढला, यात शंका नाही. पण तालुक्याच्या गावी दवाखाना थाटणारा डॉक्टर आता कुठून यायचा? पदवीधर शहराकडेच वळणार, हे ओळखायला समितीची गरज नव्हती.

ही रिकामी जागा तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला ठळकपणे दिसली. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये तिथे काम सुरू केले. आधी त्यांनी खेड्यांत परिचारिका पाठवून पाहिल्या. त्या एकट्या गावात रमेनात. मग गावातल्याच बाया निवडल्या. अनेकजणी निरक्षर, कित्येक दलित. दर आठवड्याला त्या जामखेडला शिकायला येत आणि परत जाऊन बाळंतपण, जुलाब, कुपोषण, पिण्याचे पाणी यांकडे बघत. आरोळे दांपत्याला १९७९चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दरम्यान, १९७७ साली केंद्रातल्या जनता सरकारनेही गावोगावी आरोग्यरक्षक नेमण्याची योजना आणली होती. तिने फारसे मूळ धरले नाही.

गावातलीच बाई, गावासाठीच, ही कल्पना देशभर रुजली ती २००५च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून. 'आशा' ताई आली. गर्भवतीची नोंद, लसीकरण, नवजात बाळाला घरी जाऊन पाहणे आणि पुढे करोनाकाळातली घरोघरची तपासणीही तिच्याच गळ्यात पडली. सरकारदरबारी मात्र ती स्वयंसेविका. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला आणि त्यावर मानधन. २०१८ची आयुष्मान भारत योजना गरीब कुटुंबाला रुग्णालयात भरती झाल्यावर वर्षाला पाच लाखांपर्यंत विमा देते. भरती व्हायची वेळ येऊ नये म्हणून दारोदार फिरणाऱ्या आशाताईंना आपल्या मानधनवाढीसाठी महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा संपावर जावे लागले आहे.