स्वभावाच्या मिती किती?

दौलताबादच्या किल्ल्यात अंधारी नावाचा काळोखा, वळणावळणाचा मार्ग आहे. सहलीतील एखादा मुलगा तेथे सर्वांच्या आधी शिरतो. त्याचा हा स्वभाव एका प्रश्नावलीत 'धाडस' म्हणून मोजला जाईल, दुसरीत 'बहिर्मुखता', तर तिसरीत 'नावीन्याची ओढ' म्हणून. मग हे गुण तीन की एकच? व्यक्तिमत्त्व मोजू पाहणाऱ्या मानसशास्त्रज्ञांपुढे हाच पेच होता.

१९३६ साली ऑलपोर्ट व ओडबर्ट यांनी इंग्रजी शब्दकोशातून माणसामाणसांतील फरक सांगणारे १७,९५३ शब्द वेचले. कॅटेल यांनी ही यादी आटवत नेली आणि १९४९ मध्ये १६ घटकांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. लंडनमध्ये आयसेंक मात्र दोनच मिती पुरेत म्हणत होते : बहिर्मुखता आणि भावनिक अस्थिरता. तिसरी त्यांनी पुढे जोडली. गंमत अशी की, दोघांचीही गणिती रीत घटक विश्लेषणाचीच होती!

हा वाद सोडविण्यासाठी एकाच गटाकडून दोन्ही प्रश्नावल्या भरून घ्याव्या लागतात आणि गुणांचा सहसंबंध पाहावा लागतो. एकीत 'चिंता' जास्त असणारेच दुसरीत 'भावनिक अस्थिरते'त वर आले, तर नावे दोन असली तरी मिती एकच. नाव तेच, पण सहसंबंध क्षीण, असेही घडते. तेथे नावाने आपली फसगत केलेली असते. कॅटेल यांचे १६ घटक परस्परांशी निगडित होते. त्यांचे गट पाडले की आयसेंक यांच्या दोन्ही मिती त्यांतून डोकावत. अमेरिकेतील कोस्टा व मॅक्रे यांनी १९८० च्या दशकात आपली प्रश्नावली इतर अनेक प्रश्नावल्यांशी ताडून पाहिली. बहुतेक गुण पाच मितींत सामावले : भावनिक अस्थिरता, बहिर्मुखता, अनुभवांविषयीचा खुलेपणा, सौहार्द आणि कर्तव्यदक्षता. मुलांवर 'अंतर्मुख' असा शिक्का मारण्यापूर्वी शिक्षकांनी एक ध्यानात घ्यावे. मिती पट्टीसारखी असते आणि बहुतेक मुले तिच्या मध्याजवळच सापडतात.

पण इंग्रजीत सापडलेल्या मिती मराठी माणसाला लागू पडतील कशावरून? लोधी, देव आणि बेल्हेकर यांनी कोस्टा-मॅक्रे यांच्या २४० विधानांच्या प्रश्नावलीच्या मराठी रूपावर काम केले. ते २००२ साली प्रसिद्ध झाले. मराठी उत्तरांतही पाच घटक ओळखू आले.

तेवढ्याने प्रश्न संपला नाही. बोलिव्हियातील त्सिमाने लोक शेती, शिकार आणि मासेमारीवर जगतात. तेथील ६३२ प्रौढांना त्यांच्याच भाषेत, तोंडी प्रश्न विचारले गेले. २०१३ साली निष्कर्ष छापून आले, त्यांत पाच मिती नव्हत्याच. दोन मिळाल्या : इतरांशी मिळूनमिसळून वागणे आणि कामसूपणा.